कॉलम्नॅरिस

कॉलम्नॅरिस : गोड्या पाण्यातील माशांचा संसर्गजन्य जिवाणुरोग. तो फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या ग्रॅम-निगेटिव्ह, लांबट काडीसारख्या जिवाणूमुळे होतो. घरातल्या फिश टँकमध्ये पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या आणि औषधाला दाद न देणाऱ्या दुखण्यांत याचा नंबर वरचा आहे. दुकानात आणि हौशी मंडळींत त्याला सरसकट ‘फंगस’ म्हणतात. तोंडाला कापूस लागल्यासारखे दिसते म्हणून हे नाव पडले. बुरशीशी त्याचा संबंध नाही, पण नाव बुरशीचे म्हणून औषधही बुरशीचे दिले जाते आणि पहिले दोन दिवस फुकट जातात. जोरकस वाणाच्या लागणीत मासा वाचवायला हातात असतात तेच दोन दिवस.

या रोगाचे पहिले वर्णन हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस यांनी 1922 साली अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या माशांवरून केले. जखमेवरचा चिकटा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की थोड्या वेळात जिवाणू एकमेकांना धरून खांबांसारखे ढीग रचतात. शेतातल्या कुटाराच्या गंजी दुरून दिसाव्यात तसे ते दिसतात. ‘कॉलम्नॅरिस’ हे नाव या खांबांवरूनच आले. या जिवाणूंना पोहण्याचे शेपूट नसते, ते पृष्ठभागावरून घसरत पुढे सरकतात. प्रयोगशाळेत त्याची वाढ करण्यात 1944 मध्ये ऑर्डल आणि रकर यांना यश आले. आजचे शास्त्रीय नाव 1996 पासूनचे. 2022 मध्ये तर या एका नावाखाली चार वेगळ्या जाती नांदत असल्याचे मान्य झाले. घरी उपचार करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

लक्षणे : मासा आधी खाणे सोडतो, मग पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकतो. पाठीवरच्या पराच्या बुडाशी फिकट पांढुरका पट्टा उमटतो आणि दोन्ही बाजूंना खाली उतरतो, घोड्यावर खोगीर टाकावे तसा. ओठ झिजतात, शेपटीच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. खऱ्या बुरशीचे तंतू लांब, मोकळे असतात आणि पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे हलतात. कॉलम्नॅरिसचा थर आखूड आणि चपटा असतो, कडेला पिवळसर झाक असते. कापूसपट्ट्यात राहणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये. सर्वांत वाईट प्रकार कल्ल्यांचा. त्यात अंगावर एकही डाग नसतो, कल्ले मात्र कुजून तपकिरी पडतात आणि रात्री ठीक असलेला मासा सकाळी उलटा तरंगताना दिसतो. गप्पी, मोली, प्लॅटी या पिल्ले घालणाऱ्या माशांना हा रोग विशेष धरतो.

सावंगी (मेघे) येथील पाणी व हवामान : वर्धा शहराला लागून असलेल्या या गावात हा रोग चिवट का ठरतो, याचे उत्तर माशापेक्षा पाण्यात जास्त सापडते. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला पांढरी रेघ बसते आणि ती ब्लेडने खरवडावी लागते, तीच याची खूण. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. कॉलम्नॅरिसचा जिवाणू मात्र 50 च्या खालच्या, किंचित आम्ल पाण्यात लवकर मरतो. कठीण, अल्कलीधर्मी आणि घाण साचलेल्या पाण्यात तो 25 अंशांना मासा नसतानाही सोळा दिवसांपर्यंत तग धरतो. म्हणजे मेलेला मासा काढून आठवडाभर टाकी माशांविना ठेवली आणि नवे मासे सोडले, तर ते थेट रोगाच्या तोंडी जातात.

दुसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांपुढे जाणे नेहमीचे, आणि नवतपा सुरू झाला की घरातल्या टाकीचे पाणीही तिशी ओलांडते. हा जिवाणू उबेत झपाट्याने वाढतो. उलट पाण्यातला प्राणवायू कमी होतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम मावतो, 32 अंशांना 7.3. त्यात वीज गेली, हवेचा पंप बंद पडला, की कल्ले आधीच सडलेल्या माशाला काही तासही निघत नाहीत. तिसरी गोष्ट अमोनियाची. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तो तयार होतो. त्यातला विषारी वाटा किती, हे पाण्याचा पीएच ठरवतो. 30 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर हा वाटा जेमतेम 0.8 टक्का भरतो, पीएच 8 झाला की साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. तेवढीच घाण, पण दसपट जाच.

उपचार : टाकी किती लिटरची हे आधी मोजावे. बाजारात ‘दोन बाय एक बाय एक’ म्हणून मिळणाऱ्या टाकीत दोन घनफूट, म्हणजे साधारण 56 लिटर पाणी मावते. तळाची रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता 45 लिटरच धरावेत. औषधाची मात्रा चुकते ती बहुतेक वेळा इथेच.

आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढावा. प्लॅस्टिकचा स्वच्छ टब, त्यात एक स्पंज फिल्टर आणि हवेची नळी, एवढे पुरे. मूळ टाकीतले तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी हायपोच्या थेंबांनी किंवा दिवसभर उघडे ठेवून घालवावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो दोन-तीनदा पिळावा. काळपट गाळ निघतो आणि अमोनिया पचवणारे उपकारक जिवाणू स्पंजातच राहतात. रोगाच्या भीतीने सगळी टाकी रिकामी करून साबणाने घासणारे लोक या जिवाणूंनाच मारतात, आणि चौथ्या दिवशी उरलेले मासे अमोनियाने जातात. दोष पुन्हा ‘फंगस’ला.

मग तापमान. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवी रोगात हीटर लावून पाणी तापवतात, आणि तोच सल्ला सवयीने इथेही दिला जातो. कॉलम्नॅरिसमध्ये तो घातक आहे. पाणी हळूहळू, दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त फरक न करता, 24–25 अंशांकडे आणावे. बर्फाची बाटली टाकून एकदम थंड करू नये. विदर्भात यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. झाकण काढून जाळी टाकलेली टाकी कूलरच्या झोताजवळ ठेवली की कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी चांगले उतरते, माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने. जुलैत हवा दमट झाली की ही युक्ती लुळी पडते. उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी. बोअरचे घातले तर क्षार साचत जातात आणि कठीणपणा आठवड्यागणिक वाढतो.

मीठ स्वस्त आहे आणि बऱ्यापैकी उपयोगी. लिटरला एक ते तीन ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला 45 ते 135 ग्रॅम खडे मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात थोडे थोडे सोडावे. गप्पी-मोलींना ते सहज मानवते. तळाला फिरणारे, खवले नसलेले मासे आणि पाणवनस्पती असतील तर मात्रा एक ग्रॅमच्या वर नेऊ नये.

विहिरीत टाकायचे जांभळे ‘परमँगनेट’ जुन्या लोकांच्या चांगल्या ओळखीचे आहे. बाहेरच्या जखमांवरच्या कॉलम्नॅरिसला ते लागू पडते. लिटरला 2 मिलिग्रॅम या हिशेबाने 45 लिटरला 90 मिलिग्रॅम लागते, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते मोजताच येत नाही. सोनाराच्या काट्यावर एक ग्रॅम तोलून घ्यावे, एक लिटर पाण्यात विरघळवावे आणि त्यातले 90 मिलिलिटर वापरावे. पाणी चार तास गुलाबी राहिले पाहिजे. आधीच तपकिरी झाले तर घाणीनेच औषध खाल्ले असे समजावे. जास्त पीएचच्या पाण्यात याची पूड कल्ल्यांवर बसते, म्हणून मात्रा वाढवण्याचा मोह नको. कोणतेही औषध घालताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तोच ते शोषून घेतो.

प्रतिजैविके : सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी उपाय म्हणजे मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टाकीत उघडणे. पाणी पिवळे होते, उजेडात तपकिरी पडते, वर फेस येतो आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळते. टेट्रासायक्लिन गटातली औषधे कॅल्शियम व मॅग्नेशियमला बांधली जातात. माणसाला ही गोळी दुधासोबत घेऊ नका असे सांगतात ते याच कारणाने. आमच्याकडचे बोअरचे पाणी या औषधाच्या दृष्टीने दूधच समजा. शिवाय गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसे पीत नाही, शरीरात शिरणारे पाणी तो सतत बाहेर टाकत असतो. त्यामुळे पाण्यातले औषध रक्तात पोचते ते थोडेच. अमॉक्सिसिलिन, एरिथ्रोमायसिन या हाताशी असणाऱ्या औषधांचाही माशांच्या बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह रोगजंतूंवर भरवसा धरता येत नाही.

प्रतिजैविक खाद्यातून दिले तरच नीट लागू पडते, तेही मासा खात असेपर्यंत. मत्स्यशेतीत ऑक्सिटेट्रासायक्लिन माशाच्या किलोमागे दिवसाला 55 ते 83 मिलिग्रॅम, दहा दिवस, असे प्रमाण वापरतात. फ्लोरफेनिकॉल 10 ते 15 मिलिग्रॅम. गप्पीचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, म्हणजे एका माशाचा वाटा मिलिग्रॅमचा अंश. अंदाजाने चिमूट टाकण्याचे हे काम नाही. अर्धवट मात्रा चार दिवस देऊन थांबले की उरतात ते औषध पचवलेले जिवाणू, आणि ते बदललेल्या पाण्याबरोबर नाल्यात जातात. टाकीच्या काचेवर, दगडांवर, नळीच्या आत हा जिवाणू चिकट थर करून राहतो, आणि त्या थरात औषध पोचत नाही. रोग ‘उलटतो’ तो पुष्कळदा या थरातून.

निदान व सोय : सावंगीत 1990 साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. गावाला डॉक्टरांची वाण नाही. माशाला मात्र नागपूर गाठावे लागते. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ तिथे 2000 साली स्थापन झाले. त्याचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंगखेडी भागात आहे, अंतर सुमारे 75 किलोमीटर. माणसांच्या पॅथॉलॉजीत नमुना दिला तरी फारसे हाती लागत नाही. हा जिवाणू नेहमीच्या सकस माध्यमावर वाढत नाही, त्याला पातळ, कमी पोषणाचे आगर लागते. त्यावर त्याच्या पिवळ्या, मुळांसारख्या फाटे फुटलेल्या वसाहती दिसतात.

सगळे नीट करूनही महिनोन्‌महिने एकेक मासा झुरत असेल, पाठ वाकत असेल, पोट खपाटीला जात असेल, तर हा रोग कॉलम्नॅरिस नव्हे. मायकोबॅक्टेरियम मरिनम, म्हणजे माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा. 1926 मध्ये अ‍ॅरन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत तो ओळखला. यावर घरी करण्यासारखा उपचार नाही. टाकी मोडणे हाच मार्ग, आणि ब्लीचिंग पावडरवर विसंबू नये, कारण क्लोरीनला हे जंतू बऱ्यापैकी पुरून उरतात. स्वच्छ पुसलेल्या काचेला 70 टक्के अल्कोहोल लावावे.

या जंतूची लागण माणसालाही होते. बोटावर खरचटलेले असताना टाकीत हात घातला, की दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, तिथे लालसर गाठ येते. मग मनगटापासून वर हातभर ओळीने गाठी उठतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर ‘घरी फिश टँक आहे’ हे आपण होऊन सांगावे. हा जंतू 30 ते 33 अंशांना वाढतो, आणि डॉक्टरांना तसे कळवले नाही तर प्रयोगशाळा नमुना 37 अंशांना ठेवते आणि अहवाल कोरा येतो. उपचार काही महिने चालतो. पाणी काढताना नळी तोंडाने ओढण्याची सवय तेवढी सोडावी, नळी पाण्यात बुडवून भरून घेतली तरी धार लागते.

नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवावेत. डासांसाठी आरोग्य खात्याच्या गप्पी पैदास केंद्रातून फुकट आणलेल्या गप्पींनाही हाच नियम. ते काटक असतात, आणि स्वतः न मरता जंतू घेऊन येतात. जाळी, बादली आणि नळी प्रत्येक टाकीची वेगळी असावी, आणि वापर झाल्यावर ती गच्चीवर खडखडीत वाळवावी. कॉलम्नॅरिसचा जिवाणू कोरडेपणाला टिकत नाही, आणि वर्ध्याच्या गच्चीवर मेमध्ये ओली जाळी वाळायला दहा मिनिटे लागतात.