फीत कापून केलेलं संगीत

आपल्या केंद्रावर आता संगणकावर आवाज कापतो, जोडतो, चुकलं तर मागं जातो. हेच काम ब्लेड आणि चिकटपट्टीनं करणाऱ्या बाईची आज गोष्ट.

डेलिया डर्बीशायर. जन्म 1937, इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री. लहानपणी युद्धात तिच्या शहरावर बॉम्ब पडले. भोंग्याचा वरखाली होणारा आवाज तिच्या कानात बसला तो कायमचा. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकली. 1959 मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीत काम मागितलं, तर उत्तर आलं, स्टुडिओत आम्ही बायका ठेवत नाही. मग बीबीसीत लागली, आणि 1962 पासून तिथल्या ध्वनी-कार्यशाळेत.

तिथं वाद्यांवाचूनच बरंच काम चालायचं. दिव्यावरची पत्र्याची हिरवी टोपी वाजवायची, नाद टेपवर घ्यायचा, पहिला ठोका कापून टाकायचा आणि मागं घुमणारी आस तेवढी ठेवायची. टेप दुप्पट वेगानं फिरवली की सूर एक सप्तक वर! फीत सेकंदाला 15 इंच पळायची, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर साडेसात इंच. शिलाई करणाऱ्या बायांना हे जास्त सांगायला नको. असे तुकडे मापून, कापून, एकापुढे एक चिकटवून 1963 मध्ये तिनं 'डॉक्टर हू' या मालिकेचं सुरुवातीचं संगीत उभं केलं. चाल लिहिणारे रॉन ग्रेनर म्हणाले, हिचंही नाव लावा. बीबीसीनं लावलं नाही. नियम!

पुढं ब्रायन हॉजसन आणि डेव्हिड व्होरहाउस यांच्याबरोबर तिनं 'ॲन इलेक्ट्रिक स्टॉर्म' ही तबकडी केली. आयलंड कंपनीनं ती 1969 मध्ये काढली. काम वर्षभर रेंगाळलं, कारण एकेक तुकडा हातानं जोडायचा. शेवटी कंपनीचा तगादा आला आणि उरलेलं घाईनं उरकावं लागलं. ते ऐकताना कळतंही, पण मला आधीचा भाग फार आवडतो. तेव्हा तबकडी फारशी खपली नाही. पुढच्या पिढीतल्या वादकांनी ती शोधून शोधून ऐकली.

डेलियानं 1973 मध्ये बीबीसी सोडली. काही काळ गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे रेडिओवर निरोप देण्याघेण्याचं काम केलं. 2001 मध्ये ती गेली. घराच्या माळ्यावर 267 टेपा निघाल्या. मालिकेच्या श्रेयनामावलीत तिचं नाव आलं 2013 मध्ये.