'प्राइड गोज बिफोर अ फॉल' : एका इंग्रजी म्हणीची घडण आणि वापर

'प्राइड गोज बिफोर अ फॉल' ही इंग्रजी म्हण मराठीत सामान्यतः 'गर्वाचे घर खाली' या म्हणीने समजावून दिली जाते. अर्थदृष्ट्या ते योग्यच आहे; परंतु तिची घडण त्यातून उलगडत नाही.

या म्हणीचे मूळ बायबलच्या जुन्या करारातील 'नीतिसूत्रे' या ग्रंथात (अध्याय १६, वचन १८) आहे. हिब्रू काव्यरीतीनुसार हे वचन दोन समांतर चरणांचे आहे. पहिल्यात गर्व व विनाश, तर दुसऱ्यात उन्मत्त वृत्ती व अधःपात यांची जोडी येते. १६११ च्या 'किंग जेम्स' भाषांतरात ही चौकट शाबूत आहे. लोकव्यवहाराने मात्र पहिल्या चरणातील गर्व आणि दुसऱ्यातील अधःपात एवढेच उचलून एकत्र जोडले. विशेष म्हणजे मूळ हिब्रूत क्रियापदच नाही. 'पुढे चालणे' ही क्रिया लॅटिन भाषांतरात येते, इंग्रजीतही ती दिसते; आणि गर्व हा जणू पालखीपुढचा चोपदार होतो.

'फॉल' या शब्दामागे ल्युसिफरच्या व आदमच्या पतनाची ख्रिस्ती कल्पनाही उभी आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी प्रुडेन्शियसने आपल्या रूपककाव्यात घोड्यावर स्वार झालेला अहंकार खड्ड्यात कोसळताना दाखविला. मध्ययुगीन चित्रकलेत ही प्रतिमा पुढे रूढ झाली.

प्रत्यक्ष वापरात ही म्हण क्वचितच इशारा म्हणून येते. बहुधा ती पराभवानंतर निकालपत्रासारखी वाचली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावे ते येथेच. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यावर अनेक धर्मोपदेशकांनी त्यात मानवी गर्वाचे शासन पाहिले. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती. जीवरक्षक नौका २० आणि त्यांतील जागा १,१७८. तरीही हे प्रमाण तत्कालीन ब्रिटिश नियमापेक्षा अधिकच होते! कारण तो नियम प्रवासीसंख्येवर नव्हे, तर जहाजाच्या टनभारावर आधारलेला होता, आणि त्यातील सर्वोच्च वर्ग १०,००० टनांपाशी थांबत होता. 'टायटॅनिक' ४६,००० टनांहून मोठे होते. सुमारे १,५०० मृत्यूंची कारणे केवळ गर्वात शोधली, तर हा कालबाह्य नियम नजरेआड होतो. जहाजावरील प्रत्येकासाठी नौकेत जागा असावी, ही अट १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात घालण्यात आली. मात्र पहिल्या महायुद्धामुळे तो करार ठरल्याप्रमाणे अमलात येऊ शकला नाही.