जोडविषयाची वाट



कॉलेजात आता ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द चालतात. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा. आपल्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला गणित मेजर आणि इलेक्ट्रॉनिक्स मायनर घ्यायचंय. ताई बैठकीत म्हणाल्या, “नुसतं गणित जवळच्या कॉलेजात आहेच की. मायनरपायी कर्ज काढून तालुक्याला खोली कशाला करायची?”

मी बीए, इतिहासाची. मला सर्किट जोडता येत नाही. पण या प्रश्नाला एका बाईचा इतिहास सांगता येईल.

राजेश्वरी चॅटर्जी. जन्म १९२२, कर्नाटकातला. आजी कमलम्मा दासप्पा या म्हैसूर संस्थानातल्या सुरुवातीच्या पदवीधर बायकांपैकी. विधवा आणि टाकलेल्या बायकांच्या शिक्षणासाठी त्या झटल्या. अर्धं काम तिथंच झालं, असं मला वाटतं. राजेश्वरींना आधी इतिहासाची ओढ होती (बघा!), पण बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात त्यांनी गणित घेतलं आणि बीएस्सी, एमएस्सी दोन्हींत विद्यापीठात पहिल्या आल्या.

१९४३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन करायचं होतं. रामन नाही म्हणाले. पदार्थविज्ञानाची पदवी नाही, हे कारण. दहा वर्षं आधी, १९३३ साली, मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनाही त्यांनी आधी नकारच दिला होता. कमलाताईंचा मुख्य विषय रसायन आणि जोडविषय पदार्थविज्ञान. पण तिथं अडचण विषयाची नव्हती, बाई असण्याची होती. त्या हटल्या नाहीत. वर्षभराच्या अटीवर आत गेल्याच.

राजेश्वरींनी त्याच संस्थेत दुसरं दार शोधलं. विद्युत विभागात त्या संदेशवहनाच्या कामाला लागल्या. तिथं गणितच उपयोगी पडलं. तारेवाचून संदेश पाठवायचा तर लहरीची लांबी किती, अँटेनाचं माप किती, हे आधी कागदावर मांडावं लागतं. आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत येतोय तोही त्याच हिशोबानं. ताईंच्या मुलीचं गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स इथंच एकमेकांना भेटतात. कर्जाचं गटानं ठरवावं. माझा हात वर असेल.

१९४७ साली सरकारी शिष्यवृत्तीवर राजेश्वरी बोटीनं अमेरिकेला, मिशिगन विद्यापीठात गेल्या. मधे आठ महिने वॉशिंग्टनला रेडिओ लहरी मोजण्याचं प्रशिक्षण घेतलं. १९५३ साली पीएचडी करून परतल्या आणि जिथं संशोधनाला सुरुवात केली त्याच संस्थेत शिकवू लागल्या. रडारला लागणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी आणि अँटेना हे त्यांचं क्षेत्र. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या. वीस जणांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी केली.

१९८२ साली निवृत्त झाल्यावर त्या वळल्या ते बायकांच्या कामाकडे, आजीच्या वाटेनं.