विडंबनकाराची गाणी साधन म्हणून वाचताना

समजा, तुम्हाला अमेरिकेतल्या लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहायचाय. मग 'वीअर्ड अल' यांकोविककडे बघा. १९७९ मध्ये कॉलेजच्या बाथरूममध्ये अकॉर्डियनवर रेकॉर्ड केलेल्या विडंबनापासून ते २०१४ मध्ये बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलेल्या अल्बमपर्यंत त्याची कारकीर्द पसरलीय. मूळ गाणं ठाऊक असेल तरच विडंबनावर हसू येतं. म्हणून त्या त्या काळी लोकांच्या कानावर काय होतं, याचा हा पुरावाच.

पण थांबा. प्रिन्सच्या एकाही गाण्याचं विडंबन त्याच्या अल्बममध्ये नाही. मग प्रिन्स लोकप्रिय नव्हता का? होता की! यांकोविक मूळ कलावंताची परवानगी घेतो आणि प्रिन्सने ती वारंवार नाकारली. तेव्हा साधनात एखादी गोष्ट दिसली नाही, तर आधी ते साधन तयार कसं झालं, हे विचारा.