पाटाचं हेड

आमच्या इंदापूर तालुक्यात पाण्याची गोष्ट निघाली की दोन शब्द हमखास येतात. एक हेड, दुसरा टेल. नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या अंगाला बारामती, ती हेडला. आम्ही शेपटाला. नियम असा की आधी टेल भिजवायचं आन् मग वर वर यायचं. पण पाणी काही नियमाची वही वाचून वाहत नाही. वरच्याचं भागतं, खालचा बांधावर बसून वाट बघतो. या हेड-टेलच्या भांडणात आमच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. पण हेडच्याही वर काय हाय, हे बघायला आमच्यातलं फारसं कुणी गेलं नाही.

या पाटाचा जन्म दुष्काळातला. १८७६-७७ ला असा दुष्काळ पडला की माणसं आन् जनावरं पटापट मेली. मग इंग्रज सरकारनं नीरा नदीवरनं कालवा काढायचं ठरवलं. १८८५ च्या सुमारास पाटाला पाणी सुटलं. कालवा निघतो वीरच्या बंधाऱ्यापासनं, पण साठा वर भोर तालुक्यात, वेळवंडी नदीवर भाटघरला. तिथनं पाणी सोडायचं, नदीनं नीरेत यायचं, वीरला अडवायचं आन् पाटात घालायचं. तिथनं सुमारे दीडशे किलोमीटर वाहत ते आमच्यापर्यंत येतं. आमच्याकडं पाऊस वर्षाला वीस इंचाच्या आसपास. या पाटावर सासवडचे माळी ऊस घेऊन उतरले, विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत बसवली, पुढं वालचंदनगर झालं, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर झालं. जिथं हुलगं पिकत नव्हतं तिथं गुऱ्हाळं लागली.

उसाला पाणी कमी पडाय लागलं तसं सरकारनं भाटघरला आणखी मोठं धरण बांधलं. ते १९२८ साली पुरं झालं. लॉईड गव्हर्नरचं नाव त्याला दिलं. साठा साडेतेवीस टीएमसी. पहिलं धरण या दुसऱ्या धरणाच्या पाण्यात बुडालं. म्हंजे ते खोरं दोनदा बुडालं. मुलूख तेव्हा भोर संस्थानचा. त्याच काळात, १९२१ ला, मुळशीला सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो शाळेच्या पुस्तकातनं आम्हाला ठाऊक. भाटघरखाली गेलेल्या शिवाराचं आमच्याकडं कुणी नावही काढत नाही.

२०१९ च्या मे महिन्यात मी आन् माझा मेव्हणा तिकडं गेलो. दुष्काळाचं साल होतं, आमचा पाट कोरडा. नीरेवरनं शिरवळ, तिथनं भोर, आन् भोरवरनं तळ्याच्या कडंकडंनं वर. उत्तरंला राजगड उभा. ह्या खोऱ्यातलं भुतोंडे हे शिवाजी महाराजांच्या येसाजी कंकांचं गाव. आता या तळ्यालाही त्यांचंच नाव हाय. पावसाळ्यात हिथं शंभर इंचाच्या वर पाऊस कोसळतो, पण आम्ही बघितलं ते भेगाळलेलं तळ. वरच्या खाचरांत बाया-बापे राब भाजत होते. शेण, पालापाचोळा, टहाळं पसरून पेटवायचं आन् पाऊस पडला की त्या राखंत भाताचं बी टाकायचं. घरटी एखादा माणूस मुंबईला, बाकीचे शेतावर.

कांब्रे गावाजवळ कांबरेश्वराचं देऊळ हाय. वर्षातलं बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात तळं आटलं की उघडं पडतं. मोठमोठ्या दगडांचं बांधकाम. लोक म्हणतात, पांडवांनी बांधलं. देव मोकळा झाला की गावकरी जातात, गाळ काढतात, पिंड धुतात, दिवा लावतात. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारबाबा खराट्यानं चौथरा झाडत होते. त्यांनी इचारलं, “पाव्हणं कुठलं?”

“इंदापूरकडचं.”

“मंजी आमचं पाणी जातंय तिकडलं,” असं म्हणून ते हसले. मग म्हणाले, “आमचा आजा सांगायचा, खाली कालवा गेला आन् तिकडची माणसं जगली. चांगलं झालं. पर उन्हाळ्यात आमच्या बाया हंडा घिऊन ह्या चिखलातनं खाली उतरत्यात. तेवढं कुणाला तरी सांगा.”

संध्याकाळी त्यांनीच आम्हाला देवराई दाखवली. आत दुपारचा उकाडा नाही, पायाखाली पाल्याची गादी. वठून पडलेलं झाड जागच्या जागी कुजत पडलेलं. वाळलेली काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, असा दंडक. शिपाई नाही, पाटकरी नाही, दंडाची पावती नाही. कडंला झऱ्याची बारीक धार मे महिन्यातही चालू होती.

मला आमचं रान आठवलं. आम्ही सात नंबरचा फॉर्म भरून पाणी मागतो, मोजून घेतो, आन् उसात तुंबवून सोडतो. पाटाखालच्या किती तरी जमिनी मिठानं फुटल्या, पांढऱ्या पडल्या. हे दुखणं इंग्रजांच्या काळापासनचं. १९३२ पासनं पाडेगावला ऊस संशोधन केंद्र हाय, तिथले लोक पाणी बेतानं द्या म्हणून सांगत आले. ज्या पाण्यासाठी एक खोरं बुडालं, त्याच पाण्यानं आम्ही आमची काळी नासवली.

गावच्या पाणीवापर सोसायटीत मी आता एवढंच बोलतो. हेड बारामती नाही, हेड वेळवंडीचं खोरं हाय. आवर्तन ठरवताना त्या गावांचा हंडा आधी धरा, मग उसाची पाळी धरा. थोडेजण हसतात, काही माना डोलावतात. एका पोरानं मात्र इचारलं, “आबा, ते देऊळ कुठल्या महिन्यात दिसतं?” मी त्याला सांगितलं, आपला पाट आटला की समज, तिकडं देऊळ उघडं पडलंय.