तोड्याची बंदूक

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाविषयीं लिहितांना आमच्याकडे एक वाक्य इतक्या सहजपणें लिहिलें जातें, कीं त्याचा पुरावा मागण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. तें वाक्य असें : युरोपियनांच्या हातीं चकमकीची बंदूक आली, आमचे लोक तोड्याच्या बंदुकीलाच चिकटून बसले, आणि म्हणून राज्य गेलें. 'चिकटून बसले' या दोन शब्दांत आमच्या पूर्वजांवर आळस व अज्ञान या दोहोंचा आरोप उरकून घेतलेला असतो. आमच्या मतें हा आरोप टिकणारा नाहीं. तोड्याची बंदूक ही, नवी बंदूक डोळ्यांपुढें असतांना, तोलून व पारखून पसंत केलेली वस्तु होती. ही पसंती कशावर उभी होती आणि ती कोठें अपुरी पडली, हें पाहावयाचें तर प्रथम त्या बंदुकीची ओळख करून घेतली पाहिजे. कारण ऐतिहासिक चित्रपटांतून कोणाच्याहि हातीं कोणतीहि बंदूक दिली जाते, आणि आम्ही प्रेक्षक तें मुकाट्यानें सोसत आलों आहों.

या बंदुकीची नळी लांब आणि जड असे. चांगल्या कारागिराची नळी लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून व ठोकून एकजीव केलेली असे. तिच्या अंगावर उमटलेल्या लहरी वस्तुसंग्रहालयांतील कांचेआडूनहि ओळखूं येतात. ही नळी तारेनें किंवा चामड्याच्या वादीनें लांकडी दस्त्यास बांधीत. दस्ता सडपातळ, इंग्रजी बंदुकीप्रमाणें खांद्याकडे रुंद होत न जाणारा. नळीच्या मुळाशीं बारीक छिद्र, तो बंदुकीचा कान. कानाशेजारच्या खळग्यांत रंजक, म्हणजे बारीक कुटलेली दारू. दस्त्याच्या फटींतून एक लोखंडी चिमटा बाहेर आलेला असे आणि त्याच्या तोंडांत सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेला सुती दोर, हाच तोडा. चाप दाबला कीं चिमटा वांकून पेटता तोडा रंजकेस टेकतो, ज्वाला कानांतून आंत शिरते आणि बार उडतो. सारी यंत्रणा एवढीच. कान चोंदला तर साफ करण्यासाठीं सांखळीला सुई अडकविलेली असे. या सगळ्यांत गांवच्या लोहारास बिघडलें तर नीट करतां येणार नाहीं असें कांहींहि नाहीं, आणि दारू, शिसें व सुताचा दोर यांखेरीज तिला दुसरें कांहीं लागत नाहीं.

चकमकीच्या बंदुकीची, उत्तरेकडे जिला पथरकला म्हणत तिची, गोष्ट निराळी. तिच्या घोड्याच्या तोंडांत गार धरलेली असते. चाप ओढतांच घोडा जोरानें पोलादी पत्रीवर आपटतो आणि ठिणग्या रंजकेंत पडतात. हें घडावयास दोन वस्तु अव्वल दर्जाच्या लागतात : अचूक पाणी दिलेली पोलादी कमान, आणि ठिणगी देईल इतकी कठीण पण न तडकणारी पत्री. कमान मऊ पडली कीं बंदुकीची काठी झाली. शिवाय गार झिजे, ती वरचेवर बदलावी लागे. इंग्रजी सैन्यास गारा पुरविण्याचें काम इंग्लंडांतील सफोक परगण्यांतल्या ब्रँडन गांवीं एक स्वतंत्र धंदा होऊन बसलें होतें. म्हणजे ही बंदूक एकट्यानें येत नसे. कारखाना, कोठार आणि पुरवठ्याची वाट हीं तिच्यामागें यावीं लागत.

नेमाच्या बाबतींत तर जुनीच बंदूक सरस होती, असें सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. कंपनीच्या सैन्यांतील, इंग्लंडच्या सरकारनें १७९७ पासून स्वतःच्या सैन्यासाठींहि पत्करलेल्या बंदुकीची नळी ३९ इंच लांब व आंतून पाऊण इंच रुंद असे. भरतांना अडकूं नये म्हणून गोळी नळीहून मुद्दाम लहान ठेवीत. अशी गोळी नळींत ठेंचाळत बाहेर पडे, आणि शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणें निरर्थक होई. पण ही बंदूक एकट्या माणसावर नेम धरण्यासाठीं नव्हतीच. खांद्यास खांदा लावून उभ्या राहिलेल्या रांगेनें मिनिटास दोनतीन बार एकदम काढावे, आणि समोरची फळी डळमळतांच संगीन रोखून धांवावें, यासाठीं ती होती. पेटते तोडे हातीं घेतलेले लोक इतके दाटीनें उभे करतां येत नाहींत. शेजाऱ्याच्या दारूच्या शिंगड्यांत ठिणगी पडली तर शत्रूची गरज राहत नाहीं. उलट, खडकाआड बसून, घट्ट बसणारी गोळी ठांसून, सावकाश नेम धरून एकेक सावज टिपणाऱ्यास तीच लांब नळी सोयीची. ज्याला एकट्यानें लढावयाचें त्याची बंदूक एक, आणि ज्याला हुकुमानें लढवावयाचें त्याची दुसरी.

या भेदाचें सर्वांत भयंकर प्रत्यंतर इंग्रजांस अफगाणिस्तानांत आलें. २३ नोव्हेंबर १८४१ रोजीं काबूलनजीक बेमारूच्या टेकडीवर ब्रिगेडियर शेल्टन यानें आपलें पायदळ चौकोन करून उभें केलें. अफगाणांच्या लांब जेझाइलांचा पल्ला इंग्रजी बंदुकीहून अधिक. त्यामुळें ते सुरक्षित अंतरावरून चौकोनांत गोळ्या टाकीत राहिले आणि कवाइती पायदळाचे बार वाटेंतच जमिनीवर पडत राहिले. पुढल्या जानेवारींत माघार घेणाऱ्या सैन्याची वाट याच बंदुकांनीं घाटाघाटांतून अडविली, आणि १३ जानेवारी १८४२ रोजीं गंडमक येथें त्याचा शेवट झाला. (आमच्याकडील 'जेजाल' हा शब्द याच घराण्यांतला, मात्र तो टेंकू देऊन उडविण्याच्या भारी बंदुकीस लावीत.) आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या जेझाइलांपैकीं कित्येकींना चाप कंपनीच्या बंदुकांचे काढून बसविलेले आढळतात. म्हणजे अफगाणाला नव्याचा विटाळ नव्हता. नळी त्याला आपली हवी होती. चाप कोणाचाहि चाले.

हीच निवड मराठी सैन्यांतहि दिसते. पानिपतावर भाऊसाहेबांनीं इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींवर भिस्त ठेवली व मल्हारराव होळकरांस गनिमी काव्याची लढाई हवी होती, असें बखरींतून येतें. तो वाद आमच्याकडे इतक्या वेळां झाला आहे कीं येथें पुन्हां नको. पण महादजी शिंद्यांनीं १७८४ नंतर द बॉयन याच्या हातून जे कंपू उभे केले, त्यांची रचना सहसा कोणी पाहत नाहीं. त्यांत तेलंगी पलटणी चकमकीच्या बंदुकांच्या होत्या, आणि त्यांच्याबरोबरच नजीबांच्या पलटणी तोड्याच्या बंदुका वापरीत. द बॉयननें त्यांच्या बंदुका काढून घेतल्या नाहींत. त्या तोड्याच्या बंदुकांनाच संगिनी जोडल्या. पाटण आणि मेडता या १७९० च्या लढाया मारणाऱ्या फौजेचें हें स्वरूप होतें. नव्या बंदुकांसाठीं आग्र्यास कारखाना घातला होता आणि सँग्स्टर नांवाचा स्कॉटिश कारागीर तेथें तोफा व बंदुका तयार करीत असे. जुनें कां टाकावें आणि नवें कां घ्यावें हें ज्यांस कळत नव्हतें, त्यांचें हें काम नव्हे.

मग १८०३ सालीं काय झालें? असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबरला वेलस्लीचे मेलेले व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक लोक पडले. शिंद्यांच्या तोफा व पलटणी हलक्या असत्या तर हा आंकडा झाला नसता. पण त्याच सुमारास पेराँ शिंद्यांची नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला होता, आणि इंग्रजांनीं आपल्या देशबांधव अधिकाऱ्यांस निवृत्तिवेतनाचें आमिष दाखवून फोडलें होतें. १ नोव्हेंबरला लासवारीस ज्या पलटणी लढल्या, त्यांचे बहुतेक युरोपियन अधिकारी निघून गेलेले होते. तरी त्या जागच्या हलल्या नाहींत, आणि खुद्द लेकनें आपल्या पत्रांत त्यांच्या शौर्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली आहे. बंदूक, तोफ, शिपाई यांपैकीं कांहीं उणें पडलें नाहीं. उणें पडलें तें हुकूम देणाऱ्यांचें इमान, आणि तें इमान विकत घेतलेलें होतें. नव्या बंदुकीबरोबर नवा अधिकारीहि भाड्यानें आणावा लागला, ही तिची खरी किंमत.

तथापि जुन्याची कड घेतांना त्याचे दोष लपविणें आम्हांस मान्य नाहीं. पावसांत तोडा विझतो, अंधारांत तो दुरून दिसतो. अनपेक्षित छापा आला तर तोडा पेटविण्यास वेळ नसतो, आणि सदैव पेटता ठेवावा तर दोर संपतो. दारूच्या गाड्यांजवळ असला पहारेकरी ठेवणें म्हणजे आत्मघातच. युरोपांतहि तोफखान्याच्या रक्षणासाठींच चकमकीच्या बंदुकांची पायदळें प्रथम उभारलीं गेलीं. जुन्या युद्धपद्धतीचेंहि तसेंच. यशवंतराव होळकरांनीं १८०४ च्या पावसाळ्यांत मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत हांकीत नेलें, ही त्या पद्धतीची कमाल. आणि त्याच वर्षीं १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादेजवळ लेकनें पहांटे येऊन त्यांचा तळ उधळला, ही तिची मर्यादा.

येथवर जुन्या हत्याराची पसंती पाहिली. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हातीं जुनें हत्यार राहिलें तें मात्र पसंतीनें नव्हे. गोऱ्या पलटणींना आटे पाडलेल्या नळीची एनफील्ड रायफल मिळाली. देशी पलटणींसाठीं बाहेरून तशीच दिसणारी, पण आंतून गुळगुळीत नळीची बंदूक मुद्दाम तयार करविली गेली. पुढें गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हां हिंदी शिपायाकडे त्यांची उतरलेली स्नायडर आली. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें खेड्यांतील बंदूक परवान्याखालीं गेली. जुनें शस्त्र वापरणें आणि जुनें शस्त्र वाट्यास येणें या दोन गोष्टी एकाच मापानें मोजणारा इतिहासकार दोन्ही ठिकाणीं चुकतो. हा भेद पारतंत्र्याबरोबर संपला असेंहि नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्यांसमोर जे पोलीस उभे राहिले, त्यांच्यापैकीं कांहींजवळ थ्री-नॉट-थ्री होती आणि कांहींजवळ नुसती लाठी. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं त्या रायफलीस निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजीं.

पसंतीनें बंदूक बाळगणारे लोक पाहावयाचे असतील तर आतां कोडगूस जावें लागतें. तेथील कोडव समाजास इंग्रजी अमदानींत, १८६१ पासून, परवान्यांतून सूट मिळाली. केंद्र सरकारनें २०१९ सालीं ती आणखी दहा वर्षे वाढविली. मुलगा झाला कीं घरासमोर एक बार उडतो, मृत्यु झाला कीं दोन. सप्टेंबरच्या आरंभीं, रोपणी आटोपल्यावर, घरांतील बंदुका पुसून देवाजवळ ठेवतात आणि त्यांच्या नळ्यांच्या तोंडांत कळलावीचीं लालपिवळीं फुलें खोंवतात.