बाँड, रोखा आणि सुपे

सिडनीत भाड्याचे घर शोधताना आपल्यापैकी बहुतेकांनी 'बाँड' हा शब्द ऐकला आणि क्षणभर गोंधळ उडाला. आपल्याकडे ह्याला डिपॉझिट किंवा अनामत म्हणतात. पुण्यात 'बाँड' म्हटले की स्टँपपेपर आठवतो, बँकवाल्यांना कर्जरोखे आठवतात आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यापासून निवडणूक रोखेही! मुळात शब्द बांधण्याचा. आपले 'बंधन' त्याच कुळातले.

मला मात्र ह्या शब्दाबरोबर पुणे जिल्ह्यातले सुपे आठवते. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारपेठेत आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी वह्या व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरेही पेटली. पण मुख्य राग होता तो कागदावर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी १८६५ नंतर ओसरली होती, सावकारांनी हात आखडता घेतला होता आणि सरकारने सारा वाढवला होता. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू चांगला, व्याज साचू नये हा! सावकाराने पळवाट काढली. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा. खाली अंगठा उठवणाऱ्याला वर काय लिहिले आहे हे वाचता येत नसे, आणि कागद राही सावकाराच्याच पेटीत.

चौकशी आयोग बसला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. न्यायाधीशाला रोख्यामागचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासता येऊ लागला, आणि रोखा गावच्या निबंधकासमोर करावा लागू लागला. थोडक्यात, दोघांमध्ये तिसरा माणूस उभा राहिला.

न्यू साउथ वेल्समध्ये हा तिसरा माणूस १९७७ च्या कायद्याने आला. त्याआधी अनामत घरमालकाच्याच खिशात असे, आणि घर सोडताना ती परत मिळवणे हे एक कामच होई. त्या कायद्याने रेंटल बाँड बोर्ड स्थापन केले. आता चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त बाँड मागता येत नाही, आणि तो सरकारकडे जमा करावा लागतो. कापून घेण्यावरून वाद झाला तर निवाडा न्यायाधिकरण करते. ह्या ठेवींवरच्या व्याजातला काही भाग भाडेकरूंना मोफत सल्ला देणाऱ्या केंद्रांना जातो. सुप्याच्या शेतकऱ्याला व्याजाचा हा उपयोग खराच वाटला नसता.